आजीची अष्टमी-चौदस : कुटुंबवार्ता, स्मृती आणि श्रद्धा

एखाद्या धार्मिक न्यासाच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साधने ठरलेली असतात. नोंदणीचे कागद, सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि देणगीदारांची नावे कोरलेल्या संगमरवरी पाट्या. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने न्यासाची नोंदणी आणि हिशेब बंधनकारक केले. त्यामुळे विश्वस्तांची नावे आणि मालमत्तेचा तपशील सरकारदप्तरी आला. हे दप्तर मोलाचे आहे. परंतु समाजाजवळ आणखी एक दप्तर होते. ते कोणत्याही कपाटात नव्हते, त्यावर कोणाची सही-शिक्का नव्हता. ते घरोघरच्या आजीच्या मुखी होते. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या दुसऱ्या दप्तराचेही स्मरण होणे उचित ठरेल.

सांगली-कोल्हापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव भागातील जैन कुटुंबांत आजीचा आठवडा रविवारी सुरू होत नसे. तिचा काळ तिथीने मोजला जाई. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांतील अष्टमी व चतुर्दशी, म्हणजे महिन्यातून चार वेळा, पर्वतिथी येई. त्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य, कोणाचा उपवास तर कोणाचे एकभुक्त, सूर्यास्तापूर्वी चूल विझलेली. पहाटे गाळलेल्या पाण्याने स्नान, हाती अक्षतांची वाटी आणि पावले बस्तीच्या वाटेवर. अभिषेक-पूजा आटोपली की मंडपाच्या खांबांशी आज्या टेकत, आणि गावोगावचे वर्तमान तेथे उलगडू लागे.

वरवर पाहणाऱ्यास ती बायकांची गप्पागोष्ट वाटे. प्रत्यक्षात त्या वार्तेला एक शिस्त होती. प्रथम आजाऱ्यांची चौकशी, नंतर बाळंतिणींची. मग सोयरिकी, कोणाच्या घरी सुतक आणि ते कधी फिटणार, कोणी कोणते व्रत धरले आणि त्याचे उद्यापन केव्हा, कोणते मुनिमहाराज विहार करीत कोणत्या गावी पोहोचले. या माहितीवर घराचे व्यवहार चालत. सुतक ठाऊक नसेल तर पूजेस कोणी बसावे हे ठरत नसे. महाराजांचा विहार कळला नाही तर आहारदानासाठी चौका मांडण्याची तयारी करता येत नसे.

या वार्तेतील सर्वांत मोठा भाग लेकींचा असे, आणि येथेच तिचे ऐतिहासिक मोल आहे. घराण्याची वंशावळ पाहावी तर तिच्यात पणजोबा, आजोबा, वडील आणि मुलगे यांची नावे क्रमाने आढळतात. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बहुधा तीच नावे दिसतात. देणगीच्या जुन्या पाटीवर एखाद्या स्त्रीचा उल्लेख आलाच तर तो पुष्कळदा पतीच्या नावाआड आलेला असतो. लग्नानंतर मुलीचे नाव बदले, आडनाव बदले, गाव बदले, आणि माहेरच्या कागदांतून ती नाहीशी होई. ती कोठे दिली, तिला मुले किती, तिची नणंद कोणत्या गावची, तिचे बालपणीचे नाव काय, हे सांगणारी एकच व्यक्ती घरात असे. पुरुषांची नोंद कागदाने ठेवली, लेकींची नोंद आजीने ठेवली.

बस्तीच्या मंडपापलीकडे ही वार्ता पोहोचविण्याचे काम टपालाने केले. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्या वेळी त्याची किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा होती. पुढे कार्ड दूरच्या लेकीच्या दारी नियमाने जाऊ लागले. परंतु पुष्कळ आज्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून दुपारी शाळेतून आलेल्या नातवाला वा नातीला समोर बसवून आजी पत्र सांगे. माथ्यावर ‘श्री’, मग आशीर्वाद, मग घरातील प्रत्येकाची ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, म्हशीचे वेत, आणि अखेरीस व्रतनियम पाळण्याची आठवण. जागा संपली की उरलेले शब्द कडेच्या समासात उभे लिहिले जात. लिहिणाऱ्या नातवंडास त्या वेळी कंटाळा येई. परंतु आत्याचे सासर, मावशीचे दीर, दोन पिढ्यांमागची भाऊबंदकी हे सारे त्याच्या कानांवरून जाई. पत्र लेकीला पोहोचे आणि इतिहास नातवंडाला.

भाद्रपदातील दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला पूर्ण झाले की क्षमावाणीची पत्रे सुटत. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्यांची नावे आजी एकेक करून आठवी. देण्याघेण्यावरून बोलणे तुटलेली विहीण असो की वाटणीवरून दुरावलेला पुतण्या, कार्ड त्यालाही जाई. न्यायालयात वर्षानुवर्षे न मिटणारी कटुता कित्येकदा अशा चार ओळींनी सैल झाली. धर्मतत्त्व आणि कुटुंबवार्ता यांची सांगड यापेक्षा सुंदर रीतीने क्वचितच घातली गेली असेल.

आजीच्या हाती लेखणी नव्हती, हे वास्तव समाजातील विचारवंतांनाही सलत होते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांच्या कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्यांनी आपले आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहिले आणि मुंबईतील श्राविकाश्रमाद्वारे अनेक विधवा व निराधार भगिनींना अक्षर आणि शास्त्र यांची ओळख करून दिली. सोलापुरात हीच परंपरा पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने वाढविली. १८९९ साली स्तवनिधी क्षेत्री स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने शिक्षणाचा ध्यास घेतला. सभेच्या ‘प्रगति आणि जिनविजय’ या साप्ताहिकामुळे गावोगावची समाजवार्ता छापील अक्षरांत घरी येऊ लागली. बस्तीच्या मंडपातील संवादाला लाभलेले ते जणू मुद्रित रूप होते. लिहिण्यास शिकलेल्या स्त्रीने पुढे स्वतःचे पत्र स्वतः लिहिले. आजीला नातवापुढे जे सांगता येत नसे, तेही त्यात उतरू लागले.

हेही नमूद केले पाहिजे, की आजी सारेच सांगत नसे. बालवयात विधवा झालेल्या बहिणीचे आयुष्य कसे गेले, हुशार असूनही कोणत्या मुलीची शाळा सोडविली, कोणती लेक सासरी सुखी नव्हती, या गोष्टी एका वाक्यात उरकल्या जात किंवा मौनात राहत. त्या मौनाचाही इतिहासात समावेश आहे. श्राविकाश्रमांची गरज का भासली, याचे उत्तर संस्थांच्या अहवालांइतकेच या अर्ध्या राहिलेल्या वाक्यांत सापडते.

आजीची कालगणना इसवी सनाची नसे. १८९६ साली मुंबईत आलेली आणि पुढे गावोगाव पसरलेली प्लेगची साथ, १९१८ ची मानमोडी, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, हे तिचे मैलाचे दगड. कोणाचा जन्म ‘भूकंपाच्या आदल्या वर्षी’, कोणाचे लग्न ‘दुष्काळ सरल्यावर’. या सर्वांत एक खूण निराळ्या भक्तिभावाने सांगितली जाई, ती म्हणजे ‘महाराजांच्या समाधीचे साल’. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर १८ सप्टेंबर १९५५ रोजी, छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला. भोज गावच्या पाटील घराण्यातील हा सुपुत्र दक्षिण महाराष्ट्राला आपल्या घरचा वाटे. कुंथलगिरी त्या वेळी हैदराबाद राज्यात होते. तरीही भाविकांची रीघ लागली होती. महाराजांचा मराठीतील अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित होऊन जतन झाला. परंतु दर्शनास गेलेल्यांनी घरी परतून काय सांगितले, कोणी त्या दिवसापासून कोणता नियम घेतला आणि तो मरेपर्यंत कसा पाळला, याचे ध्वनिमुद्रण झाले नाही. ते आजीच्या आठवणीतच राहिले.

स्मृती कधी चुकते, दोन प्रसंग एकत्र करते, प्रिय माणसाचे दोष झाकते. म्हणून इतिवृत्ताशी व कागदपत्रांशी ती ताडून पाहणे आवश्यकच. परंतु कागद तारीख आणि रक्कम सांगतो, त्यामागचा त्याग बहुधा सांगत नाही. कुंभोजचे सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, हे सर्वांना ज्ञात आहे. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ती गोष्ट लोकांनी सांगत राहिल्याने जिवंत राहिली. अशा किती लक्ष्मीबाई प्रत्येक गावात होऊन गेल्या असतील आणि सांगणारे कोणी नसल्याने विस्मृतीत गेल्या असतील!

आजीच्या कथांत श्रवणबेळगोळची एक कथा हमखास असे. चामुंडरायाने भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंच मूर्ती घडविली आणि मोठ्या वैभवाने अभिषेक आरंभिला. घागरींमागून घागरी रित्या झाल्या, परंतु दूध मूर्तीच्या कमरेखाली उतरेना. तेव्हा एक गरीब वृद्धा लहानशा फळाच्या करवंटीत दूध घेऊन आली. तिला वर जाऊ दिले गेले, आणि त्या चिमूटभर दुधाने मूर्ती मस्तकापासून चरणांपर्यंत न्हाऊन निघाली. हीच ती गुळ्ळकायज्जी. कानडीत ‘अज्जी’ म्हणजे आजी. मूर्तीच्या चरणांशी कोरलेला चामुंडरायाचा लेख मराठीच्या प्राचीन लेखांत गणला जातो. त्या लेखात अज्जीचे नाव नाही. परंतु लोकस्मृतीने तिला विसरू दिले नाही, आणि तिची पाषाणमूर्ती बाहुबलींच्या सन्मुख आजही उभी आहे. वैभवाच्या अहंकारापेक्षा करवंटीभर श्रद्धा मोठी, हा उपदेश नातवंडांनी प्रवचनापूर्वी आजीच्या मांडीवर ऐकला.

आज काळ पालटला आहे. देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, पोस्टकार्ड घरांतून जवळजवळ दिसेनासे झाले. पुण्या-मुंबईत किंवा परदेशी असलेल्या नातवंडांशी आजी भ्रमणध्वनीवर बोलते, त्यांचा चेहरा पडद्यावर पाहते. संपर्क वाढला ही आनंदाचीच गोष्ट. परंतु कार्ड पेटीत राहत असे आणि पन्नास वर्षांनी हाती लागत असे. बोललेला शब्द फोन ठेवताच विरून जातो. १९५५ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. कुंथलगिरीच्या आठवणी प्रत्यक्ष सांगू शकणारी ही अखेरची पिढी होय.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाला एक छोटासा नियम घेता येईल. अष्टमी वा चतुर्दशीला घरातील ज्येष्ठ श्राविकेपाशी अर्धा तास बसावे. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे व आजीचे नाव, बहिणी कोठे दिल्या, कोणती व्रते केली, बस्तीच्या उभारणीत कोणी काय कष्ट केले, हे विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. पेटीतील जुनी पत्रे रद्दीत न घालता कापडात बांधून ठेवावीत. वंशावळीत मुलग्यांशेजारी मुलींची नावे लिहावीत. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

पुढील पन्नास वर्षांनी या न्यासाचा शतकमहोत्सव साजरा होईल. त्या वेळच्या इतिहासकाराला पाट्यांवरील नावे सहज मिळतील. मंडपाच्या खांबाशी टेकून अवघ्या समाजाचे क्षेमकुशल वाहणाऱ्या आजीचे नाव त्याला मिळेल की नाही, हे मात्र आजच्या पिढीच्या हाती आहे. तिला विचारावयाचे राहून गेले, तर त्या चुकीची क्षमा मागण्यास क्षमावाणीच्या दिवशी ती समोर नसेल.