अक्कासाठी घर बघताना

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपण आठवतं. गल्लीतलं दुमजली हॉस्पिटल, खाली डॉक्टरांची केबिन, वर पाच-सहा खाटा आणि जिन्यात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी असलेली कुणाची तरी आई. आपल्याकडच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातही प्रसूतिगृह त्याच शब्दात धरलेलं आहे. विलायतेत आणि अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ थेट दुसऱ्या टोकाचा, म्हातारपणातली शेवटची वस्ती. त्यामुळे न्यू जर्सीहून भाचीने फोनवर “मामा, आईसाठी एखादं नर्सिंग होम बघू या का?” असं विचारलं, तेव्हा शेजारी बसून ऐकणाऱ्या आमच्या सौ. पटकन म्हणाल्या, “अगंबाई, या वयात?” त्या महिन्यात घरात कुणी हसल्याचं तेवढंच आठवतं.

ही आई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची अक्का. वय ८४. विसरायला लागली त्याला सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात दोनदा घराबाहेर पडली. एकदा सापडली ती थेट एस.टी. स्टँडवर, मिरजेची गाडी कधी आहे विचारत. मुलगा आणि सून पुण्यात तिच्यापाशीच आहेत. सुनेच्या पाठीचं ऑपरेशन झालंय आणि ब्यूरोकडून येणाऱ्या रात्रीच्या बाया दीड वर्षात सात बदलल्या. ‘आईला आश्रमात टाकतायत’ असं ज्या नातेवाईकांना वाटतंय, त्यांनी तिच्याजवळ सलग तीन रात्री काढून बघाव्यात, मग बोलावं. असो.

घरं बघायचं काम माझ्याकडे आलं. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर ती आली कुठून हे आधी शोधायची खोड लागली आहे. तसंच याही वेळी केलं, आणि ते फार उपयोगी पडलं. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे या आजाराला आजार म्हणायची पद्धतच नव्हती. ‘म्हातारचळ’ म्हणायचं, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं आणि ओसरीवर एक खाट टाकून द्यायची. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे खरा, पण तिथे तो क्रोधाच्या वाटेने येतो, वयाच्या नाही. युरोपातही फार निराळं नव्हतं. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर पुन्हा स्वतःचंच नाव सांगितलं. नवरा रेल्वेत कारकून. (आमचे मेहुणेही रेल्वेतच होते.) त्याला इस्पितळाचा खर्च झेपेना, तिला स्वस्तातल्या जागी हलवावं म्हणून त्याची खटपट चालली होती. म्हणजे या आजाराच्या अगदी पहिल्या कागदपत्रांतही पैशाचा प्रश्न आहेच!

ती १९०६ मध्ये गेली. त्याच वर्षी अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत काय सापडलं ते ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. पण ते नाव राहिलं तरुण वयातल्या थोड्या रुग्णांपुरतं. म्हाताऱ्या माणसाचा विसर हा वयाचाच भाग, असं बहुतेक डॉक्टर पुढेही कित्येक वर्षं धरून चालले. हे दोन्ही एकच, असं रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टरने ठामपणे लिहिलं ते १९७६ मध्ये. तेव्हा अक्का पस्तिशीत होती.

मग तोवर ही माणसं होती कुठे? बरीचशी घरातच. काही वेड्यांच्या इस्पितळात. आणि इंग्लंडात गरीब असतील तर वर्कहाऊसमध्ये. १८३४ च्या तिथल्या गरिबांच्या कायद्याचं तत्त्व असं होतं, की वर्कहाऊसमधलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा वाईटच असलं पाहिजे, म्हणजे उगाच कुणी आत यायला नको. शिरतानाच अंगावरचे कपडे काढून घ्यायचे आणि गणवेश द्यायचा. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या. साठीपुढच्या जोडप्यांना मागितली तर एकत्र खोली मिळावी, ही सवलत यायला १८४७ साल उजाडलं.

आपल्या पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या नावाचं अनाथ पंगूगृह निघालं. आज पुणेकर त्याला ‘निवारा’ म्हणून ओळखतात. त्या संस्थेने किती जणांना आधार दिला हे वेगळं सांगायला नको. पण जुन्या नावातले शब्द बघा, अनाथ आणि पंगू. ज्याला कुणी नाही आणि ज्याला चालवत नाही त्याची ही सोय. ज्याला मुलंबाळं आहेत, पाय धडधाकट आहेत आणि तरी घरचा रस्ता सापडत नाही, असा माणूस त्या शब्दांत बसतच नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानेही प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट केली, ती निराधारांसाठी. केरळात १९९२ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी देशपातळीवरची संस्था निघाली, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात असे रुग्ण ८८ लाखांच्या घरात आहेत. आमची अक्का त्यातली एक.

आता ज्याच्यामुळे मला घरं बघायची रीत सापडली त्या माणसाविषयी. १९४८ मध्ये इंग्लंडने गरिबांचा कायदा रद्द केला. वर्कहाऊस जातील, त्यांच्या जागी पंचवीस-तीस माणसांची छोटी घरं येतील आणि हॉटेलातल्या पाहुण्यासारखी म्हातारी माणसं तिथे राहतील, असं आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांचं स्वप्न होतं. दहा वर्षांनी पीटर टाऊनसेंड नावाचा तिशीतला समाजशास्त्रज्ञ ते स्वप्न कुठवर आलं हे बघायला निघाला. इंग्लंड आणि वेल्समधली १७३ घरं पाहिली. त्यावरचं पुस्तक, ‘द लास्ट रेफ्यूज’, १९६२ मध्ये आलं. त्यात काय निघालं? कितीतरी ठिकाणी जुनी वर्कहाऊसच होती, पाटी तेवढी बदललेली. लांबच लांब खोल्या, ओळीने खाटा, स्वतःचं म्हणावं असं काही ठेवायला जागा नाही.

मला त्याचं मोजणं आवडलं. घराला गुण द्यायचे तर त्याने पाच गट केले. इमारत आणि सोयी हा एक. नोकरवर्ग हा दुसरा. मग माणसाला दिवसभर करायला काही आहे का, रोजच्या वागण्यात त्याला मोकळीक किती आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध राहतो का. म्हणजे इमारतीला पाचातला एक हिस्सा! आपण मात्र टाइल्स आणि लिफ्ट बघून घरी येतो आणि ‘छान आहे हो’ म्हणतो.

पहिलं घर असंच छान होतं. दारात संगमरवरी गणपती, टाय लावलेला मॅनेजर, भिंतीवर सहलींचे फोटो. मी मुद्दाम संध्याकाळी गेलो होतो. पावणेसहाला ताटं वाढली. सातला दिवे मंद. कारण विचारलं तर रात्रपाळीला तीस जणांमागे दोन मावशी, तेव्हा मंडळी आधीच झोपलेली बरी. आणि सगळ्या बायका एकाच कापडाच्या गाऊनमध्ये, सगळ्यांचे केस कानापर्यंत कापलेले. “काळजी घ्यायला सोयीचं पडतं, काका,” मॅनेजर म्हणाले. अक्काला आज वार कुठला ते सांगता येत नाही, पण स्वतःची वेणी ती अजून स्वतः घालते. बोटांना येतं ते. १८३४ चा गणवेश तरी गरिबीची लाज वाटावी म्हणून होता, इथे तर महिन्याला भरपूर पैसे मोजून घ्यायचा! भाचा म्हणाला, “मामा, केसांचं काय एवढं?” मी त्याला परतीच्या वाटेवर वर्कहाऊसची गोष्ट सांगितली. त्याने उत्तर दिलं नाही, पण ते घर यादीतून गेलं.

दुसऱ्या घराच्या आधी मी बार्बरा रॉब यांच्याविषयी वाचलं होतं. १९६५ च्या जानेवारीत या बाई लंडनच्या फ्रायर्न मनोरुग्णालयात ओळखीच्या एका वृद्धेला भेटायला गेल्या. तिथे म्हाताऱ्या बायकांचे चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं काढून घेतलेली. दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, आणि वर वेडी म्हणून नोंद! रॉबबाईंनी तो विषय सोडला नाही. वर्तमानपत्रात पत्र, मग संघटना, मग १९६७ मध्ये पुस्तक. सरकारने आधी त्यांनाच खोटं ठरवायचा प्रयत्न केला, पण शेवटी चौकश्या आणि तपासणीची व्यवस्था आलीच.

तर दुसऱ्या घरात मी माणसांच्या नाकांकडे बघत बसलो. चष्मा कुणाच्याच नाकावर नाही. ऑफिसच्या कपाटात एका ट्रेमध्ये नऊ चष्मे ओळीने ठेवलेले. “हरवतात हो, मग नातेवाईक भांडतात.” खोटं नाही ते. पण शेजारच्या खोलीत एक आजी खुर्चीला ओढणीने बांधलेल्या होत्या, त्यांचं कारणही असंच सयुक्तिक होतं, पडू नयेत म्हणून. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नुसत्या सोयीसाठी असं बांधून ठेवायला बंदी आणली. झोपेची औषधं देऊन गप्प बसवणं हेही त्यांनी बांधण्यातच धरलं आणि ते फार बरं केलं. पडण्याची भीती मला समजते, अक्काचं मनगट एकदा मोडलं आहे. तरी दिवसभर बांधून ठेवलेल्या अक्कापेक्षा क्वचित पडणारी अक्का मला चालेल. हे माझं मत झालं. भाचीला ते पटलेलं नाही आणि तिचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही.

तिसरं घर म्हणजे शहराबाहेरचा जुना बंगला. रंग उडालेला, लिफ्ट नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनदा. चौदा माणसं. गेलो तेव्हा चार बायका आणि एक निवृत्त फौजदार मेथी निवडत होते. फौजदार निवडलेली पानं पुन्हा देठांत टाकत होते आणि मावशी काही न बोलता पुन्हा वेगळी करत होत्या. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टॉम किटवूड यांनी १९९७ मध्ये लिहिलं होतं, की या आजारात मेंदू झिजतो तसं आजूबाजूच्यांच्या वागण्यानेही माणूस झिजतो. घाई करणं, फसवणं, लहान मूल समजणं, समोर असून नसल्यासारखं बोलणं, अशी मोठी यादीच त्यांनी केली. त्यांच्या पद्धतीत निरीक्षक कोपऱ्यात तासन् तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी त्या माणसाचं काय चाललंय ते टिपतो. मीही दोन तास बसलो. एका आजींनी तीनदा विचारलं, “हे आले का ऑफिसातून?” पहिल्या घरात अशाच प्रश्नाला मुलीने सांगितलं होतं, “आजी, ते वारले ना!” आणि आजी नव्याने रडल्या होत्या. इथल्या मावशींनी विचारलं, “साहेब आल्यावर पहिल्यांदा काय मागायचे हो?” “चहा. आलं घालून.” मग बराच वेळ आल्याच्या चहावर बोलणं चाललं. खोटं कुणी बोललं नाही आणि कुणी रडलंही नाही.

रविवारी रात्री साडेआठला न सांगता पुन्हा गेलो. टी.व्ही. चालू होता, दोघं जागे होते. एक मावशी बसल्या जागी डुलकी काढत होत्या, तेही लिहिलं पाहिजे. करारात ‘रुग्ण आक्रमक झाल्यास पंधरा दिवसांत घेऊन जावे’ असं कलम होतं. भांडून ते एक महिना आणि डॉक्टरांच्या मतानंतर असं करून घेतलं. रात्री पडझड झाली तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, बरोबर कोण जाणार, हे लेखी घेतलं. डायपर आणि औषधं वेगळी. जिन्याला दार बसवून देणार आहेत, ते बसल्याशिवाय अक्का जाणार नाही.

तिथल्या मुख्य सिस्टरांनी फॉर्मबरोबर दोन कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, “आजींची माहिती यावर लिहून आणा. आजाराची नको, ती फाइलमध्ये आहे. त्या कशा होत्या ते लिहा.” लग्नापर्यंतची अक्का मला ठाऊक आहे, ते पान झालं. मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समधली तिची वर्षं मला नीट माहीत नाहीत. शेजारी कोण होतं, ती कुठली गाणी म्हणायची, कशाने हसायची, कशाला घाबरायची, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी मला येत्या रविवारपर्यंत फोन करावा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.