नावेचा तळ आणि माणसाचा जीव

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणतेही यंत्र पाहिले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे बिघडले तर इजा कोणाला होणार? वेगवान मोटारनौकांचा इतिहास वाचतानाही आमच्या मनात हाच प्रश्न होता.

साधी नाव पाणी दुभंगत जाते. तिचा वेग वाढवू गेले की तिनेच उठवलेली लाट तिला अडवते. तेव्हा नावेने पाणी दुभंगू नये, त्यावरून घसरत जावे, अशी कल्पना निघाली. ससेक्स परगण्यातील प्लेडन गावचा पाद्री चार्ल्स मीड रेमस याने १८७२ साली तळाला मध्येच पायरी असलेल्या नौकेची योजना ब्रिटिश नौदल खात्यापुढे ठेवली. विल्यम फ्रूड याने तिचे लहान नमुने पाण्यात ओढून पाहिले. परंतु त्या काळची वाफेची यंत्रे इतकी जड, की योजना तशीच राहिली. विसाव्या शतकात हलकी पेट्रोल-यंत्रे आली आणि पायरीच्या नौका धावू लागल्या.

पायरीमुळे पाण्याला टेकणारा भाग कमी होतो, घर्षण घटते आणि वेग चढतो. पण टेकू जितका लहान, तितका तोल नाजूक. १३ जून १९३० रोजी विंडरमिअर सरोवरात सर हेन्री सीग्रेव्ह यांच्या ‘मिस इंग्लंड दुसरी’ने ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला आणि पुढच्याच फेरीत ती उलटली. तळाच्या पायरीपाशी मोड आढळली. तरंगत्या लाकडाचा तडाखा बसला असावा, असा तर्क झाला. सीग्रेव्ह गेले हे जगाला ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर व्हिक्टर हॅलिवेल हा यंत्रज्ञही गेला, हे किती जणांना ठाऊक असेल? नौका मात्र दुरुस्त होऊन १९३१ साली पुन्हा विक्रमास उभी राहिली.

पायरी नसलेल्या बहुतेक वेगवान नौकांचा तळ पुढे धारदार व मागे सपाट असे. शांत पाण्यात तो उत्तम. लाटांत मात्र सपाट भाग दणादण आपटतो, माणसांची हाडे खिळखिळी होतात. मागून लाट आली की मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि सुकाणू हाताबाहेर जाते. रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराने यावर इलाज काढला. नौकेच्या कण्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांची चढण त्याने थेट मागच्या टोकापर्यंत कायम ठेवली. असा तळ लाटेवर आपटत नाही, तिला कापतो. वळताना नौका बाहेर घसरत न जाता आतल्या बाजूस कलते. १९६० साली मायामी ते नासाउ या शर्यतीत समुद्र खवळला असता हंटच्या रचनेची ‘मॉपी’ पहिली आली.

या रचनेला किंमत पडतेच. शांत पाण्यात तिला जास्त शक्ती लागते, आणि उभी असताना ती अधिक डोलते. पण विक्रम शांत पाण्यात मोजले जातात. पोटासाठी नाव हाकणाऱ्याला पाणी निवडता येत नाही. म्हणून नाव किती धावते हे विचारण्याआधी, वाईट दिवशी ती आतल्या माणसांना कशी सांभाळते, हे विचारावे. हा प्रश्न तज्ज्ञांचा खराच, पण जो तिच्यात बसतो त्याचा अधिक आहे.