लालबागेतील वाघाचा शोध

बेंगळुरूस जाणारा मराठी प्रवासी बहुधा दोन याद्या बरोबर नेतो: एक नातलगांच्या पत्त्यांची आणि दुसरी प्रेक्षणीय स्थळांची. मुले बरोबर असली की दुसऱ्या यादीत प्राणिसंग्रहालय आपोआप वर सरकते. मुंबईच्या राणीच्या बागेची सवय जडलेली मंडळी तेथेही तशीच एखादी जुनी, ऐन वस्तीतली, पिंजऱ्यांची बाग असेल असे गृहीत धरतात. हे गृहीत सर्वस्वी चुकीचे नाही. त्याला फक्त कित्येक दशकांचा उशीर झाला आहे. बेंगळुरूचे जुने प्राणिसंग्रहालय लालबागेत होते, आणि ते पाहण्याचा बेत आखणाऱ्याने आधी थोडा इतिहास वाचलेला बरा.

लालबाग प्राण्यांसाठी निर्माण झाली नव्हती. हैदरअलीने 1760 च्या सुमारास सुमारे 40 एकरांत तिची आखणी आरंभिली. टिपूने दूरदूरच्या मुलखांतून बियाणे आणि रोपे मागवून ती वाढविली. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर बागेचे धनी बदलत गेले. अखेर 1856 मध्ये डॉक्टर ह्यू क्लेगहॉर्न यांच्या सल्ल्याने तिला सरकारी वनस्पतिउद्यानाचा दर्जा मिळाला आणि 1858 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून विल्यम न्यू हा माळीविद्येत मुरलेला गृहस्थ तेथे दाखल झाला. कोणते परदेशी झाड या मातीत जगेल, कोणते पीक रयतेला चार पैसे मिळवून देईल, याची परीक्षा घेणे हे या बागेचे खरे काम.

मग तेथे वाघ कोठून आला? उत्तर त्या काळाच्या रीतीत सापडते. पशू बाळगणे हे पूर्वी राजवैभवाचे अंग होते. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता; तो पाहावयास मिळणे ही दरबारच्या मर्जीची बाब होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटू लागले. मद्रासेत 1855 मध्ये वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी प्राणी ठेवावयास आरंभ केला. 1857 मध्ये त्रिवेंद्रमला तसाच उद्योग झाला. राजाचा शिकारखाना लोकांची करमणूक झाला. लालबागेतही याच वाऱ्याने वाघ, अस्वले, माकडे, हरणे आणि नाना प्रकारचे पक्षी आले. झाडाची लॅटिन नावाची पाटी वाचण्यास फारसे कोणी थांबत नाही. पिंजऱ्यापुढे मात्र गर्दी आपोआप जमते.

1874 पासून तीन दशकांहून अधिक काळ बागेची सूत्रे जॉन कॅमेरॉन यांच्या हाती होती. प्रख्यात काचघर त्यांच्याच कारकिर्दीतले. त्याची कोनशिला 30 नोव्हेंबर 1889 रोजी बसली. चौ-चौ ही फिकट हिरवी वेलभाजी बेंगळुरूच्या स्वयंपाकघरात आणण्याचे श्रेयही त्यांचेच. कानडी माणूस तिला आजही ‘सीमेबदनेकाई’, म्हणजे विलायती वांगे, म्हणतो. लालबागेच्या वाघाचे नाव कोणाच्या ओठी उरले नाही. भाजी मात्र रोज शिजते!

इकडे 1892 मध्ये म्हैसूरला चामराजेंद्र वडियार यांनी खास प्राण्यांसाठीच स्वतंत्र उद्यान उभारले. लालबागेला 1908 मध्ये नवा अधिकारी लाभला, तो बडोद्याहून. गुस्टाव क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ 1893 पासून सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होता. बडोद्याचे शिक्षण घेऊनच तो म्हैसूर संस्थानात आला, असे म्हटल्यास मराठी श्रोत्याला थोडा अभिमान वाटेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लालबागेतील पिंजरे उठले. जागा पुन्हा झाडांची झाली, आणि झाले ते उत्तमच झाले. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दारी बांधलेला वाघ हा पाहुणाच. त्याच्या हिताचा विचार करणे हे तेथे कोणाचेच मुख्य काम नव्हते.

तेव्हा जुन्या प्राणिसंग्रहालयाची भेट ठरवावयाची ती अशी. भल्या पहाटे लालबागेत शिरावे. प्रथम तेथील प्रचंड खडकावर चढावे. हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे हैदरअली काय आणि व्हिक्टोरिया राणी काय, कालचीच माणसे. माथ्यावर केंपेगौडांच्या नावाचा मनोरा आहे. तेथून दिसणारा मुलूख 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होता, हे मुलांना सांगण्यास हीच जागा योग्य. खाली उतरून काचघर पाहावे आणि मग जुने कबुतरखाने शोधावे. प्राण्यांच्या त्या काळाची आठवण देणारी ती एक लहानशी खूण आहे. पक्ष्यांसाठी मनुष्याने किती हौसेने घर बांधले होते, हे तेथे कळते.

दुसऱ्या दिवशी शहराच्या दक्षिणेस वीस-बावीस किलोमीटरवर असलेल्या बन्नेरघट्ट्यास जावे. तेथे मंगळवारी सुट्टी असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. मुलांचा हिरमोड फार वाईट. 1970 च्या दशकाच्या आरंभी येथे लहान प्रमाणात प्राणी ठेवण्यास सुरुवात झाली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1992 मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण यांनी पुढे देशभर पशू ठेवण्याच्या रीतीला शिस्त लावली. येथे वाघ-सिंह विस्तीर्ण कुंपणात हिंडतात आणि जाळीच्या गाडीत बंद असतो तो मनुष्य.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो अस्वलांना. नाकात वेसण घालून गावोगाव नाचविलेली अस्वले दरवेशांकडून सोडवून येथे आणली गेली. 2009 च्या डिसेंबरात, देशातील अखेरचे नाचविले जाणारे म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते ‘राजू’ नावाचे अस्वल याच ठिकाणी आले. ज्या दरवेशांचे पोट त्या नाचावर चाले, त्यांना दुसरा उद्योग मिळवून देणे हाही त्या कामाचा भाग होता. केवळ कायद्याने दोरी सुटली नसती. लालबागेच्या पिंजऱ्यातील अस्वलाला माणसे पाहावयास येत. येथील अस्वल बहुधा दुपारी सावलीस झोपलेले आढळते, आणि प्रवाशाने ते जागे होण्याची वाट न पाहता पुढे जावे.