फोन खासगी झाला म्हणून स्वस्त झाला?

अकलूजच्या बाजारपेठेत काय किंवा पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांत काय, एक मत आता वादापलीकडचं मानलं जातं. सरकारी खात्याने देशाला फोनसाठी ताटकळत ठेवलं. खासगी कंपन्या आल्या आणि ऊसतोड मजुराच्याही हातात मोबाइल आला. त्यामुळे सरकारने दूरसंचारातून अंग काढून घ्यावं, उरलेलं बाजार पाहून घेईल.

या मतातला पहिला भाग मान्य करायलाच हवा. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच त्याची कबुली आहे: शंभर माणसांमागे 0.8 फोन, सुमारे 25 लाख अर्जदार प्रतीक्षायादीत आणि पावणेसहा लाख गावांपैकी जेमतेम 1.4 लाख गावांत फोनची सोय. सरकारी मक्तेदारीचा बचाव करणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत.

पण खासगी मालकी आली म्हणून स्वस्ताई आली, हे म्हणणं कालक्रमापुढे टिकत नाही. देशात मोबाइल सेवा 1995 मध्ये सुरू झाली. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या परिमंडळासाठी बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या दोघांनाच परवाने मिळाले. दोघेही खासगी. तरी त्या काळात मिनिटाचा दर 16 रुपयांपर्यंत जाई आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. लिलावात चढाओढीने कबूल केलेलं परवानाशुल्क कंपन्यांना भरवेना. तारांच्या फोनचे परवाने घेणाऱ्या कंपन्यांवर खेड्यांत सार्वजनिक फोन बसवण्याची अट होती; तिथेही त्या बऱ्याच मागे राहिल्या. बाजार उघडला होता, पण मोबाइल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच होता.

चित्र पालटलं ते पुढच्या निर्णयांनी. 1997 मध्ये ट्राय हे नियामक प्राधिकरण आलं. 1999 च्या धोरणाने ठरावीक परवानाशुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायचं ठरवलं. बुडत्या कंपन्या त्यामुळे तरल्या. त्याच धोरणाने तिसरा स्पर्धक म्हणून सरकारी कंपनीला मोबाइलचं दार उघडलं, पाठोपाठ चौथा खासगी परवाना आला. ऑक्टोबर 2002 मध्ये सरकारी बीएसएनएल मोबाइलमध्ये उतरली. 2003 मध्ये कॉल करणाऱ्यानेच पैसे भरायचे हा नियम लागू झाला आणि आलेले कॉल फुकट झाले. दर कोसळले ते या क्रमाने.

यावर आक्षेप येईल की हे निर्णय म्हणजे सरकारने वाटेतून बाजूला होणंच होतं. तसं नाही. नव्या कंपनीच्या ग्राहकाचा कॉल जुन्या, मोठ्या कंपनीच्या जाळ्यात शिरला नाही, तर त्या फोनचा उपयोग काय? आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या जाळ्यात राजीखुशीने कोण घेईल? ही आंतरजोडणी बंधनकारक करावी लागते आणि तिचा दर ठरवावा लागतो. स्पर्धेचा पायाच नियमांवर उभा असतो.

अकलूजच्या साखरपट्ट्याला हे शिकवण्याची गरज नाही. 1998 मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, सोलापूर जिल्ह्यात खासगी कारखाने वाढले. म्हणून शेतकरी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, सोडून द्यायला तयार आहे का? ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे, आणि तेवढ्यासाठीही आंदोलनं करावी लागतात. उसाच्या बाबतीत जो माणूस इतका सावध असतो, तो फोनच्या बाबतीत सगळं बाजारावर का सोडतो?

आजची स्थिती तर या मताची थट्टाच करते. बीपीएलचं महाराष्ट्रातलं जाळं 2006 मध्ये हच या कंपनीकडे गेलं, हचचं पुढे व्होडाफोन झालं. बिर्ला एटी अँड टीची आयडिया झाली. 2018 मध्ये दोन्ही एकत्र आल्या. म्हणजे आपल्या परिमंडळातले पहिले दोन प्रतिस्पर्धी आज एकाच कंपनीत आहेत, आणि थकीत देणी भागभांडवलात वळवल्यामुळे 2025 पासून त्या कंपनीचा सुमारे 49 टक्के हिस्सा केंद्र सरकारकडे आहे! जुलै 2024 मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिघांनी दोन-चार दिवसांच्या अंतराने दर वाढवले, तेव्हा ग्राहकांना आठवण झाली ती बीएसएनएलची. पण तिची स्वदेशी 4जी सेवा देशभर सुरू झाली सप्टेंबर 2025 मध्ये. तोवर इतर 5जीवर गेले होते. मोठमोठी पुनरुज्जीवन पॅकेजेस देऊनही सरकारने आपल्याच स्पर्धकाला मागे ठेवलं.

म्हणून वाद सरकारी की खासगी असा मांडणंच चुकीचं आहे. एकट्या सरकारने 1994 पर्यंत देशाला तिष्ठत ठेवलं, दोन खासगी कंपन्यांनी पुढची काही वर्षं फोन महाग ठेवला. दोन्ही वेळा ग्राहकाला सोडून जायला पुरेशा जागा नव्हत्या. तेव्हा धोरणाची कसोटी एवढीच: अकलूजच्या ग्राहकाला आज नंबर न बदलता कंपनी सोडता येते, पण जिथे रेंज मिळेल आणि दर वेगळा असेल अशा किती कंपन्या त्याच्यासमोर उरल्या आहेत? हा आकडा घटत असेल, तर मालक कोणीही असो, बाजार बंद होतो आहे.