आंतरविद्याशाखीय अध्ययनातून घडणारी विचारकौशल्ये व मूल्ये : दा. ध. कोसंबी यांच्या इतिहास-संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीपासून 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द महाविद्यालयांच्या परिपत्रकांत, अभ्यासक्रमांच्या उद्दिष्टांत आणि मूल्यांकन समित्यांसमोरील सादरीकरणांत वारंवार येऊ लागला आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, त्याबरोबर खुला ऐच्छिक विषय आणि या सर्वांच्या श्रेयांकांची बेरीज अशी रचना आता आपल्या परिचयाची झाली आहे. या रचनेतून विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक विचार, समस्या सोडविण्याची क्षमता, सहिष्णुता इत्यादी गुण विकसित होतील असे गृहीत धरले जाते. तथापि, हे गुण नेमके कोणत्या प्रक्रियेतून विकसित होतात याची चर्चा क्वचितच होते. दोन विषय शेजारी शेजारी शिकल्याने विचार करण्याची पद्धत बदलते काय? की त्यासाठी आणखी काही घडावे लागते?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे केला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे व्यवसायाने गणितज्ञ होते. प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला त्यांनी दिलेले वळण सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या मार्क्सवादी भूमिकेची चर्चाही विपुल झाली आहे. येथे त्यांच्या निष्कर्षांपेक्षा एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात ते का व कसे गेले हा भाग अधिक महत्त्वाचा मानला आहे. लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे की, आंतरविद्याशाखीय अध्ययनाचा लाभ विषयांच्या संख्येतून होत नाही. एका शास्त्रातील आपले अनुमान दुसऱ्या शास्त्राच्या कसोटीवर, प्रसंगी नापास होण्याच्या तयारीने, ठेवण्यातून तो होतो.

गणिताकडून नाण्यांकडे

कोसंबींचा जन्म गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. वडिलांच्या अमेरिकेतील वास्तव्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण तेथे झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून आले. पुढे १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आनुवंशिकशास्त्रातील 'कोसंबी सूत्र' (१९४४) हे त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इतिहासाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

संख्याशास्त्र केवळ पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाती घेऊन शिकावे, या विचाराने ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. ही नाणी म्हणजे चांदीचे कापलेले तुकडे होत. त्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही, मजकूर नाही. दर्शनी बाजूस साधारणतः पाच चिन्हे ठोकलेली असतात, तर मागील बाजूस लहान लहान चिन्हे कमी-अधिक संख्येने आढळतात. नाणकशास्त्रज्ञांचा भर तोपर्यंत मुख्यतः या चिन्हांचे वर्गीकरण करण्यावर व त्यांचा अर्थ लावण्यावर होता. सूर्य, हत्ती, टेकडी, वृक्ष या आकृतींचा अर्थ लावताना कल्पनेला मोकळे रान मिळत असे.

कोसंबींनी ही नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरले की ते झिजते आणि झिजले की त्याचे वजन घटते, ही गोष्ट कोणत्याही सराफास ठाऊक असते. परंतु एखाद्या सुट्या नाण्याच्या वजनावरून त्याचे वय ठरविता येत नाही, कारण टांकसाळीतून बाहेर पडतानाच नाण्यांच्या वजनांत थोडाफार फरक असतो. यासाठी नाण्यांचा संपूर्ण गट घ्यावा लागतो. त्या गटाचे सरासरी वजन आणि त्या सरासरीभोवतीचा विखुरलेपणा या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो. झीज कशी होते हे समजून घेण्यासाठी कोसंबींनी आपल्या काळातील चलनी नाणीही मोठ्या संख्येने वजन करून पाहिली. तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांचा अभ्यास करताना त्यांना असे आढळले की, मागील बाजूवरील चिन्हांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन कमी होत जाते. म्हणजे ही चिन्हे शोभेची नव्हती; व्यापाऱ्यांनी किंवा सराफांनी वेळोवेळी नाणे पारखून ठोकलेल्या त्या खुणा होत्या. आजवर मुके समजले गेलेले नाणे अशा रीतीने आपल्या वापराचा काळ सांगू लागले.

येथे घडलेली वैचारिक क्रिया अध्यापकांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपण एक शिलालेख, एक ताम्रपट, एक नाणे असे 'साधन' सुटेपणाने वाचावयास शिकवितो. संख्याशास्त्राने कोसंबींना समूह वाचावयास शिकविले. त्याच वेळी इतिहासाने त्यांना आकड्यांपाशी थांबू दिले नाही, कारण सरासरी वजन घटत गेले हा निष्कर्ष गणिताच्या दृष्टीने पूर्ण असला तरी नाणी वारंवार पारखणारे ते लोक कोण होते, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतोच. मौर्यकालीन नाण्यांत चांदीचे प्रमाण घटलेले दिसते. त्यावरून त्या साम्राज्याच्या आर्थिक ताणाविषयी कोसंबींनी केलेले अनुमान, तसेच विशिष्ट चिन्हे विशिष्ट राजांशी जोडण्याचा त्यांचा प्रयत्न सर्वांनी मान्य केलेला नाही. परंतु नाण्यांच्या अभ्यासात वजनाचा विचार त्यांनी ज्या शिस्तीने केला, ती शिस्त टिकून राहिली.

नाण्यांकडून संस्कृतकडे, संस्कृतकडून रानवाटांकडे

ही नाणी कोणी पाडली हे जाणण्यासाठी पुराणे, बौद्ध व जैन साहित्य पाहणे आवश्यक झाले आणि त्यासाठी संस्कृत, पाली यांवर प्रभुत्व हवे होते. कोसंबींनी येथेही तीच पद्धत अवलंबिली. व्याकरणापासून सुरुवात करून बसण्याऐवजी त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांचा एक निश्चित प्रश्न हाती घेतला. हस्तलिखितांतील पाठभेदांची छाननी करून १९४८ मध्ये त्यांनी या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे वा. वि. गोखले यांच्यासमवेत विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'ची आवृत्ती त्यांनी सिद्ध केली (१९५७). मुळात न सापडणाऱ्या एका पाठापर्यंत शेकडो चुकांच्या साहाय्याने पोहोचणे हे पाठचिकित्सेचे काम आणि झिजलेल्या नाण्यांवरून मूळ वजनाचा अंदाज घेणे हे संख्याशास्त्राचे काम, यांत एक आंतरिक साम्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच मार्गातील पुढील टप्पा सर्वांत बोलका आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या पहिल्या अंकात चारुदत्त विदूषकास चौकात जाऊन मातृदेवतांना बली अर्पण करावयास सांगतो. हा प्रसंग संस्कृतच्या पिढ्यान्‌पिढ्या वर्गांत शिकविला गेला. मातृदेवतांचा बली घरात नव्हे, देवळात नव्हे, तर चौकातच का, हा प्रश्न कोसंबींनी विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर ग्रंथांत मिळेना, म्हणून ते पुण्याच्या परिसरातील टेकड्या, घाटवाटा व खेडी पायी हिंडू लागले. गावापासून दूर, रानात, छप्पर नसलेली, शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची देवीस्थाने त्यांना आढळली. त्यांतील अनेक देवींची नावे संस्कृत व्युत्पत्तीत बसत नाहीत. अशा स्थानांच्या आसपास त्यांना सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगीन माणसाने वापरलेली दगडाची बारीक हत्यारे, सापडली. ही स्थाने मुख्यत्वे जुन्या पायवाटांच्या संगमाजवळ होती. भटक्या पशुपालक टोळ्या जेथे एकमेकींना भेटत, तेथील त्यांच्या सामाईक देवतांची ही स्थाने असावीत आणि नाटकातील नागरी चौक हा त्या रानातील वाटसंगमाचा दूरचा वारस असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. हा लेख पुढे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात समाविष्ट झाला.

कार्ले लेण्यांच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. चैत्यगृहाच्या स्तंभांवरील लेखांत धेनुकाकट येथील दात्यांची नावे आहेत. त्यांत यवन आहेत, व्यापारीही आहेत. पुराभिलेखाचा अभ्यासक हे लेख वाचतो, तर कलेचा इतिहासकार स्तंभशीर्षे पाहतो. कोकणातील बंदरांतून बोरघाटाने वर येणारा व्यापारी मार्ग नकाशावर आखून पाहिला की, विहारांची ठिकाणे आणि दात्यांचे व्यवसाय यांचा परस्परसंबंध उलगडू लागतो. त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरेचे देऊळ आहे आणि किनाऱ्यावरील कोळी समाज आजही तेथे नवसाला येतो. बौद्ध लेणे, व्यापारी मार्ग आणि कोळ्यांची कुलदेवता हे तीन स्वतंत्र अभ्यासविषय एकाच डोंगरावर एकत्र आले आहेत. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सहलीत मात्र बहुधा पहिल्याचीच माहिती सांगितली जाते.

'कंबाइंड मेथड्स इन इंडॉलॉजी' (१९६३) या निबंधात कोसंबींनी या कार्यपद्धतीचे तात्त्विक समर्थन केले. केवळ भाषिक विश्लेषणाने प्राचीन समाज कळत नाही. त्यास पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि क्षेत्रीय निरीक्षण यांची जोड हवी, असा त्याचा मथितार्थ आहे.

मूल्यांचा प्रश्न

मूल्ये स्वतंत्र तासिकेत शिकविता येतात असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे वाटेल. कोसंबींच्या क्षेत्रकार्यात एक मूल्य आपोआप आले. पुण्यातील त्यांच्या घराजवळ फासेपारध्यांची वस्ती असे. तिच्या चालीरीतींचे निरीक्षण 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' (१९५६) या त्यांच्या ग्रंथात इतिहासाचे साधन म्हणून आले आहे. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या, निरक्षर समाजाकडे पुराव्याचा धारक म्हणून पाहण्यासाठी संशोधकास आपल्या विद्येचा ताठा बाजूस ठेवावा लागतो. धनगर, गुरव, देवीची पूजा करणारी बाई यांना ठाऊक असलेली गोष्ट आपणास ठाऊक नाही हे मान्य केल्याशिवाय एकही प्रश्न विचारता येत नाही. समता, श्रमप्रतिष्ठा हे शब्द न उच्चारताही त्या मूल्यांचा सराव येथे घडतो.

दुसरे मूल्य नागरिकत्वाचे आहे. अणुऊर्जेचा सर्वत्र उदो उदो होत असताना, भारतासारख्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे असे कोसंबी आग्रहाने सांगत होते आणि जागतिक शांतता चळवळीतही ते सक्रिय होते. विज्ञानाची निवड ही समाजाच्या गरजेची निवड असते, ही जाणीव इतिहास व विज्ञान यांच्या एकत्रित अभ्यासातून दृढ होते.

मर्यादा

या कार्याचा केवळ गौरव करणे हे कोसंबींच्याच पद्धतीला धरून होणार नाही. सूक्ष्मास्त्रे सापडलेल्या जागी आज देवीचे ठाणे आहे, यावरून तेथे अखंडपणे पूजा चालत आली असे सिद्ध होत नाही. मधल्या हजारो वर्षांचा पुरावा अत्यंत तुटक आहे. त्यांच्या काही व्युत्पत्तीही भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाहीत. सर्वांत उद्बोधक उदाहरण त्यांच्या स्वतःच्या विषयातील आहे. गणितातील रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यतेच्या पद्धतीने दिल्याचा दावा त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केला. त्यासंबंधीचा लेख कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गणितज्ञांनी तो दावा स्वीकारला नाही. नाण्यांना लागू पडलेली संभाव्यतेची भाषा त्या प्रश्नाच्या सिद्धतेस पुरेशी नव्हती. एका शास्त्राचे साधन दुसऱ्या शास्त्रात नेताना तेथील पुराव्याचे नियमही सोबत स्वीकारावे लागतात. ते टाळले की आंतरविद्याशाखीयता ही सोयीची पळवाट ठरते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्याकडील बहुतेक आंतरविद्याशाखीय प्रकल्पांत एक प्रकरण भूगोलाचे, एक इतिहासाचे व एक साहित्याचे असते आणि ती तिन्ही प्रकरणे एकमेकांशी बोलत नाहीत. अशा प्रकल्पास बहुविद्याशाखीय म्हणता येईल. आंतरविद्याशाखीय म्हणणे कठीण आहे. कोसंबींच्या वाटचालीत विषय आधी निवडलेले नव्हते. प्रश्न आधी होता आणि प्रश्नाने पुढचा विषय मागितला. त्यामुळे 'इतिहास व संख्याशास्त्र' असा अभ्यासक्रम रचण्यापेक्षा गावच्या आठवडे बाजाराची जागा व वार कसा ठरला, जुन्या दस्तांतील मापे आजच्या मापांत किती भरतात, तालुक्यातील देवीस्थाने कोणत्या वाटांवर आहेत, अशा एखाद्या प्रश्नावर विद्यार्थ्यांचा गट वर्षभर ठेवणे अधिक फलदायी ठरेल. अशा प्रकल्पाचे मूल्यमापन किमान दोन विषयांच्या अध्यापकांनी करावे आणि त्यांतील प्रत्येकास तो नामंजूर करण्याचा अधिकार असावा. इतिहासाच्या अध्यापकाने मान्य केलेले अनुमान भूगोलाच्या अध्यापकाने फेटाळले, तर विद्यार्थ्याची खरी शिकवणी तेथून सुरू होते.

यातील व्यावहारिक अडचण सर्वांना ठाऊक आहे. घड्याळी तासिकांवर काम करणारा अध्यापक सलग दोन दिवस विद्यार्थ्यांसह घाटवाटेवर जाऊ शकत नाही. गेला तरी त्या दिवसांचा कार्यभार कोणत्या विषयाच्या खात्यावर नोंदवावयाचा याचे उत्तर वेळापत्रकात नाही. अभ्यास मंडळांनी श्रेयांकांची विभागणी ठरविण्यापूर्वी या कार्यभाराची तरतूद करावी, आणि क्षेत्रकार्याचे दिवस दोन्ही विभागांच्या अध्यापकांच्या नावे पूर्ण धरावेत.