भावाने लावलेली फाईल

कराड, पलूस, तासगावकडच्या काही घरांत महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत एक जुनी पोच जपून ठेवलेली असते. अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाने इथल्या भावा-बहिणीसाठी ‘फाईल लावल्याची’ ती पोच. तिच्यावरची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, हीच रांगेतली जागा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं आणि कोणत्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगतं. 2025 साली भारतातल्या भावंडांच्या वर्गात 2006 मधल्या तारखा चालू होत्या.

ही रांग पूर्वी समुद्रात लागायची. 1921 च्या कायद्याने अमेरिकेने मुख्यतः युरोपातल्या देशांना वार्षिक कोटा ठरवून दिला आणि एका महिन्यात त्यातला जास्तीत जास्त पाचवा हिस्सा वापरायची मुभा ठेवली. त्यामुळे महिनाअखेरीस न्यूयॉर्कबाहेर जहाजं दबा धरून थांबत आणि एक तारखेच्या मध्यरात्री बंदराकडे झेपावत. कोटा संपल्यावर पोचलेल्यांवर परत फिरायची पाळी येई. 1924 च्या कायद्याने निघण्यापूर्वीच आपल्या देशातल्या वकिलातीतून व्हिसा घेणं सक्तीचं केलं. बंदरातली गर्दी संपली. थांबणं माणसाच्या स्वतःच्या गावात आलं, आणि तेव्हापासून ते बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

भारतीयांना तर त्या रांगेतही जागा नव्हती. 1917 च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाला बंदी होती. 1946 मध्ये ट्रुमन यांनी सही केलेल्या ल्यूस-सेलर कायद्याने भारताला कोटा मिळाला, तो वर्षाला 100 माणसांचा.

आजच्या फाईलचा खरा जन्म 1965 च्या कायद्यातला. ओहायोचे खासदार मायकेल फीघन यांनी नातेवाइकांना प्राधान्य द्यायचा आग्रह धरला. आधीच आलेल्यांचे नातलग येतील, म्हणजे युरोपीय लोकच येत राहतील, असा त्यामागचा हिशेब. भावंडांच्या वर्गाला 24 टक्के जागा मिळाल्या. त्याच सुमारास आपल्याकडे सांगलीचं वालचंद (1947), कराडचं सरकारी इंजिनीअरिंग (1960) आणि मिरजेचं मेडिकल (1962) ही कॉलेजं शिकलेली मुलं बाहेर काढत होती. त्यांतले काही तिकडे गेले, स्थिरावले, नागरिक झाले आणि इथल्या भावंडांसाठी अर्ज केले. युरोप डोळ्यांसमोर ठेवून उघडलेल्या दारातून आपली माणसं शिरली.

रांग तुंबली ती 1990 च्या कायद्यातल्या गणितामुळे. भावंडांसाठी जगभर मिळून वर्षाला 65,000 व्हिसा, आणि कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांहून जास्त नाही. ही मर्यादा आइसलँडलाही तीच आणि भारतालाही तीच. आइसलँडची अख्खी लोकसंख्या एकट्या सांगली जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी. याला समानता म्हणणं मला पटत नाही.

वीस वर्षांनी नंबर जवळ आला की न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडून कागदांची मागणी येते. ते पुरे झाले तरच मुंबईच्या वकिलातीत इंटरव्ह्यूची तारीख मिळते. ‘आम्ही सख्खी भावंडं’ हे सिद्ध करताना घरं हैराण होतात. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद सापडत नाही, मग तसा दाखला काढायचा आणि ॲफिडेव्हिटं जोडायची. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर जन्मतारीख 1 जून, कारण नाव घालताना मास्तरांनी टाकली तीच तारीख. बहिणीचं लग्नात आडनावच नाही, नावही बदललेलं. पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्यांच्या जुन्या कागदांवर जिल्हा दिसतो ‘दक्षिण सातारा’. 1949 मध्ये झालेल्या त्या जिल्ह्याचं नाव 1960 मध्ये सांगली झालं. साताऱ्या-सांगलीत हे कुणाला समजावावं लागत नाही. परक्या अधिकाऱ्यासमोर मात्र कागदाला कागद जोडून दाखवावं लागतं.

सगळ्यांत मोठा घाव मुलांवर बसतो. फाईल लागली तेव्हा मुलगी पहिलीत, नंबर लागला तेव्हा सव्वीस वर्षांची. एकवीस ओलांडली की ती आईवडिलांच्या फाईलमधून बाहेर. 2002 च्या कायद्याने वयातून काही काळ वजा करायची सोय केली, पण तो फक्त अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ. रांगेत गेलेली वर्षं त्यात धरत नाहीत. निदान जुनी तारीख तरी या मुलांना मिळावी, असा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2014 मध्ये निकाल विरुद्ध लागला. त्यामुळे आईवडील तिकडे स्थायिक झाल्यावर त्यांनी मुलीसाठी नवी फाईल लावायची, नव्या तारखेची. तीही मुलगी अविवाहित असेल तरच. आईवडील नागरिक होण्याआधी तिने लग्न केलं तर ती फाईल बाद होते.