शाप नव्हे, धुरकट हवा

दर जुलैत ‘केनेडी घराण्याचा शाप’ ही पोस्ट फिरायला लागते. वडील गोळीला बळी, काका गोळीला बळी, मुलगा विमानात गेला. शाप म्हटलं की विषय संपतो, शिकण्यासारखं काही उरत नाही. म्हणून १६ जुलै १९९९ च्या रात्री काय झालं, ते एकदा नीट बघू.

जॉन केनेडी ज्युनियर, वय ३८. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स १९९८ सालचं, उड्डाणाचा अनुभव सुमारे ३१० तास. पण हे लायसन्स बाहेर बघून उडणाऱ्याचं. ढगात, धुक्यात फक्त काट्यांवर विश्वास ठेवून उडायचं तर ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ लागतं. त्याचीच तयारी ते करत होते. मार्चमध्ये लेखी परीक्षा पास झाले होते, फ्लोरिडात २५ पैकी १२ धडे झाले होते. म्हणजे निम्मी वाट.

त्या रात्री ८:३८ च्या सुमाराला न्यू जर्सीहून विमान निघालं, बरोबर पत्नी आणि मेहुणी. एका प्रशिक्षकाने बरोबर येतो म्हटलं होतं, त्यांनी एकट्यानेच जायचं ठरवलं. हवा धुरकट होती, पण नियमाप्रमाणे उडायला मुभा होती. किनारा सुटला आणि खाली काळं पाणी, वर काळं आकाश, मधली क्षितिजाची रेघच गायब!

इथे आपला कान दगा देतो. लहानपणी गरगर फिरून थांबलो की जग उलटं फिरायचं, आठवतं ना? कानाच्या आतल्या द्रवाचा तो खेळ. विमान सावकाश कलंडलं तर कानाला कळतच नाही. सरळ केलं की उलट दुसरीकडे कलल्यासारखं वाटतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं दिसणं बंद करून उडवलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत.

बरं, यावर उपाय नव्हता असंही नाही. २४ सप्टेंबर १९२९ ला जिमी डूलिटल यांनी कॉकपिट झाकून घेऊन, फक्त उपकरणं बघत विमान उडवलं आणि उतरवलंही. पुढच्या कॉकपिटमध्ये सावधगिरी म्हणून दुसरा पायलट होता. अपघाताच्या सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. केनेडींच्या विमानातही उपकरणं होती, ऑटोपायलट होता. कमी होती ती अंगाला काहीही वाटो, काट्याचंच ऐकायच्या सवयीची. ती सवय सरावानेच लागते.

विमान उजवीकडे वळत मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली गेलं. तिघेही गेले. चौकशीत यंत्रातला बिघाड सापडला नाही. कारण लिहिलं ते असं : दिशाभ्रमामुळे पायलटचा ताबा सुटला, भर धुरकट हवेची आणि अंधाराची.

घाटात धुकं दाटलं तर गाडी बाजूला घेऊन थांबता येतं. विमानाला ती सोय नाही. ‘नियमात बसतंय ना, मग चला’ हे वाक्य आपण रोज किती ठिकाणी ऐकतो! नियम म्हणजे कमीत कमी अट. ती पाळली तरी माणसं मरू शकतात. शापावर इलाज नसतो, अर्धवट तयारीवर असतो. पुढच्या जुलैत ती पोस्ट आली की एवढं सांगा.